दीक्षाभूमी वगळून नागपूर

भावाचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. डिसेंबरातली संध्याकाळ होती. आई पलंगावर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होती. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पुण्यात राहतो, एका मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. फोन तो सहसा रविवारी करतो. त्या दिवशी बुधवार होता, म्हणून मी घाबरून उचलला.

"ताई, ते लोक शनिवारी येताहेत," तो म्हणाला.

ते लोक म्हणजे त्याच्या मुलीचे होणारे सासू-सासरे. माझ्या भाचीने आपल्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. मुलाकडचे नाशिकचे. लग्न ठरल्यातच जमा होतं, पण त्या दोघांनी हट्ट धरला होता की मुलीची आजी पाहायची आणि मुलीचं मूळ गाव पाहायचं. शनिवारचा एक दिवस नागपूर, मग रविवारी पहाटे ते ताडोब्याला वाघ पाहायला जाणार होते.

"चांगलं आहे की," मी म्हटलं. "घरी जेवायला काय करू?"

"घरी नको. वर्धा रोडच्या हॉटेलात खोल्या घेतल्यात. मी पण तिथंच उतरतो. त्यांना सांगितलंय, घराचं रंगकाम चाललंय. तू आणि आई सकाळी हॉटेलात या. गाडी ठरवलीय. झीरो माइल, फुटाळा, अंबाझरी, जेवण, मग कामठी. बास."

मी दरवर्षी शाळेची सहल काढते. महापालिकेच्या शाळेतली पोरं, त्यांना लांब कुठे नेता येत नाही, म्हणून आम्ही नागपूरच दाखवतो. त्यामुळे यादी ऐकताच मला काय राहिलं ते कळलं. "आणि दीक्षाभूमी?"

"ते नको," भाऊ म्हणाला. आणि मग पुण्याची भाषा सोडून, अगदी घरातल्या आवाजात, "समजून घे न वं ताई."

मी समजून घेतलं. म्हणजे मला सगळं समजलं आणि मी गप्प बसले. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, शेवटी 'कर' लागतं. पुण्यात ते कुठल्याही जातीत खपतं. भावाने ते गेली पंचवीस वर्षं खपवलं होतं.

त्याला सरसकट वाईट म्हणायला मी आजही तयार नाही. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तेव्हा त्याला पोचवायला मीच गेले होते. वसतिगृहात पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही. एका बाईंच्या घरी माडीवरची खोली पाहिली, बाईंनी चहा दिला, नागपूरची संत्री आवडतात म्हणाल्या. मी निर्धास्त होऊन रात्रीच्या गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी तो सामान घेऊन गेला तेव्हा बाईंनी कॉलेजचा प्रवेशाचा कागद मागितला, वाचला, आणि खोली भाच्याला द्यायची ठरली असं सांगितलं. येताच दिलेल्या चहाचा कप त्याच्याकडूनच विसळून घेतला. हे त्याने मला तेव्हा सांगितलं नाही. बारा वर्षांनी, वडील गेले तेव्हा, स्मशानातून परत आल्यावर अंगणात बसून सांगितलं. मला अजून कळत नाही की त्याला ते नेमकं त्या दिवशी का आठवलं. त्यानंतर मात्र तो जे काही लपवायचा त्याला मी कधी हरकत घेतली नाही.

आमचं घर इंदोऱ्यात आहे. दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. गल्लीच्या तोंडाशी विहार, घराघरावर निळा झेंडा, समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातला तो फोटो. त्या घरात पाहुणे आणले की लपवायला काही उरत नाही. रंगकाम चाललंय हे त्यापेक्षा सोपं.

आईला मी फक्त एवढंच सांगितलं की पाहुणे येताहेत, गाडीतून फिरायचं आहे. कुठं कुठं, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. शनिवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर ती पांढरी साडी नेसून तयार. ही तिची ठरलेली साडी, वर्षातून दोन-तीनदाच निघते. आदल्या दिवशी शेजारच्या सुनेकडून इस्त्री करून घेतली होती.

"आई, दुसरी नेस न. पाहुण्यांपुढं हे बरं नाही दिसत," मी म्हटलं.

"काहून? पाहुण्याइले दीक्षाभूमीवर न्यायचं, तं काय हिरवी नेसू?"

तिच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. नागपूर पाहायला माणसं येतात ती तिथेच येतात, बाकी सगळं जाता-येता पाहायचं, असं तिचं साधं गणित. ती पाच-सहा वर्षांची असताना तिचे वडील तिला खांद्यावर बसवून उमरेडकडच्या खेड्यातून छप्पन सालच्या त्या धम्मदीक्षेला घेऊन आले होते. तिला त्यातलं फार आठवत नाही. वडिलांच्या डोक्याचे केस मुठीत धरले होते ते आठवतं, आणि खाली पाहिलं तर सगळीकडे पांढरंच पांढरं. गावी परतल्यावर वडिलांनी घरातले देव एका पाटीत भरले आणि नदीत सोडून आले, हे आठवतं. तेव्हापासून एखादं आजारपण सोडलं तर तिचं कुठलं वर्ष चुकलेलं नाही.

मी त्याच वेळी तिला सांगायला हवं होतं. आम्ही दोघीच घरात होतो. चहा व्हायचा होता. मी सांगितलं नाही. म्हटलं, गाडीत बसल्यावर भाऊ काय ते पाहील.

हॉटेलच्या दारात पाहुणे उभे होते. व्याही उंच, अबोल, स्वेटरवर मफलर. विहीणबाई माझ्याच वयाच्या, हसऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी वाकून आईच्या पायांना हात लावला. आईला ते अपेक्षित नव्हतं, ती एक पाऊल मागे सरकली. भावाने आईच्या साडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याची बायको आली नव्हती, तिला रजा मिळाली नाही म्हणाला.

गाडी मोठी होती. गुडघ्यांमुळे आई पुढे, ड्रायव्हरशेजारी. मधल्या सीटवर पाहुणे आणि भाऊ. मी मागे एकटी, पाण्याच्या बाटल्या आणि संत्र्याच्या पिशवीबरोबर.

झीरो माइलला भाऊ उत्साहात होता. चार घोडे आणि दगडी खांब दाखवत त्याने सांगितलं की इंग्रजांनी इथूनच सगळ्या देशाची अंतरं मोजली. व्याह्यांनी खांबावरची गावांची नावं एक एक करून वाचली. भावाने त्यांचे फोटो काढले, सगळ्यांचा मिळून एक काढला. कोपऱ्यावर तर्रीपोहे खाल्ले. विहीणबाईंच्या डोळ्यांत तिखटाने पाणी आलं, तरी त्यांनी आणखी तर्री मागितली. आई म्हणाली, "सवय नाही तं कमी घ्या." त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातीने सांगून ठेवलंय, तर्री मागितली नाही तर नागपूरचे लोक मुलगी देत नाहीत." आई हसली. मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या, आणि तेच मला नको होतं.

फुटाळ्याला ऊन पाण्यावर चमकत होतं. काठावरच्या टपऱ्यांवर कॉलेजची मुलं-मुली बसली होती. भावाने सांगितलं की आम्ही लहानपणी इथे पोहायला यायचो. आम्ही कधीच आलो नव्हतो. इंदोऱ्यातून फुटाळा म्हणजे शहराचं दुसरं टोक, आणि फुटाळ्याला येणाऱ्यांपैकी आम्ही नव्हतो. वडील मिलमध्ये होते, सुट्टीच्या दिवशी ते झोपायचे. पण भाऊ इतक्या सहज बोलत होता की मलाही क्षणभर वाटलं, आलो असू कदाचित.

अंबाझरीहून निघालो तेव्हा साडेअकरा झाले असतील. ड्रायव्हर पन्नाशीचा, गप्प स्वभावाचा माणूस होता. सकाळपासून तो फारसा बोलला नव्हता. एका चौकात सिग्नल लागला तेव्हा त्याने मागे न वळता विचारलं, "साहेब, दीक्षाभूमी बाजूलेच आहे. घेऊ का? सगळेच पाहुणे पाहतेत."

"हो, हो, घ्या ना," विहीणबाई लगेच म्हणाल्या. "मी फोनवर पाहिलं, नागपुरात बघायच्या जागांत सगळ्यात आधी तेच आहे."

भाऊ म्हणाला, "आज नाही होणार ते."

"का?" व्याह्यांनी विचारलं. सकाळपासून त्यांनी आम्हाला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

भाऊ पूर्ण मागे वळला. सीटच्या पाठीवर त्याने हात ठेवला होता. "ताई, शनिवारी बंद असतं ना?"

मी दरवर्षी चाळीस पोरं घेऊन तिथे जाते. चपला कुठे ठेवायच्या, पिण्याचं पाणी कुठे, कुठल्या झाडाखाली डबे खायला बसवायचं, मला डोळे मिटून सांगता येतं. ते शनिवारी बंद नसतं. पुढच्या सीटवरून आईचा अंबाडा तेवढा दिसत होता. तो हलला नाही.

"हो," मी म्हटलं. "आणि आत काम पण चालू आहे. कोणाला सोडत नाहीत."

भावाने फक्त एक खोटं मागितलं होतं. दुसरं मी आपणहून दिलं.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "असं का," म्हणाला, आणि सिग्नल सुटला तशी गाडी पुढे घेतली. त्याला तोच रस्ता घ्यावा लागला, दुसरा लांबून होता. डाव्या हाताला भिंतीपलीकडे तो पांढरा घुमट सावकाश आला आणि सावकाश मागे गेला. फाटक उघडं होतं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आत चालली होती, तिच्या मागे शाळेच्या मुलींची रांग होती. फुलं विकणारा फाटकाशी बसला होता. गाडीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. विहीणबाईंनी तोंड फिरवून पर्समधला रुमाल काढला आणि बराच वेळ त्याची घडी घालत राहिल्या.

जेवायला आम्ही धंतोलीतल्या एका हॉटेलात गेलो. आई जेवली नाही. पोह्यांनी पोट भरलं म्हणाली. भाऊ तिच्या ताटात भात वाढत राहिला आणि ती तो तसाच ठेवत राहिली. भाऊ व्याह्यांना मिहान प्रकल्प, मेट्रो, वाढलेले जमिनीचे भाव असं काहीबाही सांगत होता. ते मान हलवत होते.

दुपारी कामठीला निघालो. कामठीत जपानी धाटणीचं एक सुंदर बुद्धमंदिर आहे, मोठ्या हिरवळीत. भावाला ते चालत होतं, कारण तिथे सगळेच जातात, फोटो काढतात, ते पर्यटनात मोडतं. पण कामठीचा रस्ता इंदोऱ्यावरून जातो. हे त्याच्या लक्षात असणारच. बहुधा त्याला वाटलं असेल की वरून मेट्रोचा पूल, खालून रहदारी, दोन मिनिटांत मागे पडेल.

इंदोरा चौकात गाडी हळू झाली तशी आई ड्रायव्हरला म्हणाली, "इथं थांबव रे बापू. मी उतरते."

"आई," भाऊ म्हणाला, "अजून कामठी आहे. थोडंच राहिलंय."

"माहे गुडघे दुखून राहिले. तुम्ही या पाहून."

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. तो स्वतः उतरून पलीकडे गेला, दार उघडलं, आईला हात दिला. तिने पदर सारखा केला. पाहुण्यांकडे वळून "बसा बरं, येते" म्हणाली. काच खाली होती. विहीणबाईंनी विचारलं, "इथे कोण राहतं?"

"ताईची एक मैत्रीण आहे इथं," भाऊ म्हणाला. "आई जरा पडेल तिच्याकडे."

आई तेव्हा गाडीपासून दोन हातांवर होती. तिने ऐकलं. ती थांबली नाही की वळली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाव विकणारा असतो, त्याने तिला पाहून हातगाडी जरा मागे घेतली आणि ती आत गेली. पांढरी साडी गल्लीत थोडा वेळ दिसत होती.

मी उतरले नाही. मागच्या सीटवरून उतरायचं तर मधली सीट वाकवावी लागते, पाहुण्यांना उठवावं लागतं. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं.

कामठीला भाऊ आणि व्याही मंदिर पाहायला आत गेले. विहीणबाई म्हणाल्या, मी जरा हिरवळीवर बसते, ताई पण बसतील माझ्याबरोबर. आम्ही बसलो. जवळच नवं लग्न झालेलं एक जोडपं फोटो काढत होतं, नवरा बायकोला पुन्हा पुन्हा मागे सरकायला सांगत होता. विहीणबाई एक संत्रं सोलत होत्या. त्यांनी अर्धं मला दिलं.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारते," त्या म्हणाल्या. "आजी उतरल्या ते तुमचंच घर ना?"

मी हातातल्या फोडी सुट्या करू लागले.

"आम्हाला माहीत आहे हो. तुमच्या भाचीने माझ्या मुलाला पहिल्याच महिन्यात सांगितलं. त्याने आम्हाला सांगितलं. खोटं कशाला बोलू, घरात दोन महिने भांडणं झाली. मी पण रडले. ह्यांना तर फारच जड गेलं, अजूनही जातं. नातेवाइकांत काय सांगायचं, हे अजून त्यांना सुचत नाही. पण मुलगी चांगली आहे. आणि आम्ही ठरवलं की एकदा जाऊन यायचं. नुसतं लग्नाला हो म्हणून भागत नाही."

संत्र्याची फोड माझ्या हातात तशीच होती.

"मी ह्यांना विमानातच सांगून ठेवलं होतं," त्या पुढे म्हणाल्या. "दीक्षाभूमीवर नेतील, तिथे नीट वागायचं. चपला बाहेर काढायच्या, नीट हात जोडायचे, उगाच काही विचारायचं नाही. हे सकाळपासून तयारीत होते बिचारे. मला दोनदा विचारलं, कधी जायचंय. आणि मग तुम्ही म्हणालात, बंद आहे."

"मी..." मी सुरुवात केली.

"फाटक उघडं होतं ताई. मला वाटलं, आम्ही तिथे यायला नकोय तुम्हाला. बाहेरचे म्हणून. दिवसभर मी तोच विचार करतेय. आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही," मी एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात चांगला होता, त्यात काही खोट नव्हती, आणि म्हणूनच मला तो झिडकारावासा वाटला.

"तुमच्या भावाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना फार कमीपणा वाटेल. लग्न होऊन जाऊ दे." मी हो म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यांनाच हो म्हणत होते.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. आई साधं लुगडं नेसून वाटाणे सोलत बसली होती. मी पाणी प्यायले, पाय धुतले. तिने मान वर केली नाही.

"मी जाऊन आली," ती म्हणाली.

"कुठं?"

"दीक्षाभूमीवर. ऑटो केला अन् गेली. उघडंच आहे. फुलवाल्याले विचारलं, बंद कधी राह्यते गा, तं तो हासाले लागला."

मी तिच्याजवळ खाली बसले. भावाची बाजू मांडायला सुरुवात केली. त्याची नोकरी, पोरीचं लग्न, पुण्यातली माणसं. खोलीवाल्या बाईंची गोष्ट आईला ठाऊक नव्हती, तीही सांगितली. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याचं मले समजते. तो तिकडं एकटा राह्यते, भेलेला आहे. लहानपणापासूनच भेदरट होता. पण तू तं इथं राह्यते. तुले इथं कोणाचं भ्या आहे? तू काहून बोलली वं?"

तिने सोललेले वाटाणे उचलले आणि आत गेली. त्यानंतर आमच्या घरात बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. ती चहा करायची, मी भाजी आणायची, गॅस संपला, डॉक्टरकडे कधी जायचं, सगळं व्हायचं. पण शाळेतून आल्यावर ती मला दिवसभरातलं काही सांगायची ते बंद झालं. विहारात जाताना "चाल" म्हणायची तेही बंद झालं.

पाहुण्यांना दिलेला शब्द मी चार महिने पाळला. एप्रिलमध्ये भावाने लग्नाचं बोलायला फोन केला. पुण्यात हॉल घेतला होता. जेवणाचं, कपड्यांचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आईला एवढा प्रवास झेपणार नाही. गुडघे आहेत तिचे. तू एकटीच ये. आणि ताई, त्या दिवशी तू सांभाळून घेतलंस म्हणून सगळं नीट झालं. मी विसरणार नाही ते."

तो मनापासून बोलत होता. तेच मला सहन झालं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. हिरवळीवरचं बोलणं जसंच्या तसं, चपला बाहेर काढायच्या आणि हात जोडायचे यासकट.

तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी दिवसभर त्यांच्यापुढं नाटक करून राहिलो होतो, अन् ते पाहून राहिले होते." किती वर्षांनी तो माझ्याशी असा घरच्या बोलीत सलग बोलला. मी म्हटलं, तसं नाही रे, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. तो म्हणाला, "तू मले हे काहून सांगितलं? त्या बाईले समजलं की सांगू नये. तुले नाही समजलं?"

खोटं बोलले तेव्हा त्याने माझे आभार मानले होते. खरं सांगितलं तर त्याने मला वर्षभर फोन केला नाही. लग्न झालं. भाचीने आजीला स्वतः फोन केला, गाडी पाठवते म्हणाली. आई म्हणाली, "मी नाही येत बाई. माह्या गुडघ्याले झेपत नाही, तुह्या बापाले विचार." मी एकटी गेले. भाऊ हॉलच्या दारात लोकांचं स्वागत करत होता. मला पाहून त्याने हात जोडले, जसे दुसऱ्या कुठल्याही पाहुण्याला जोडत होता, आणि जेवण कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. व्याही स्वतः उठून माझ्याजवळ आले. "आजी आल्या नाहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुडघे. त्यांनी मान हलवली. आमच्या घरातल्या गुडघ्यांवर त्यांचा कितपत विश्वास राहिला होता कोण जाणे.

दसऱ्यानंतर, गर्दी ओसरल्यावर, भाची आणि जावई नागपूरला आले. हॉटेल नाही, थेट घरी. पत्र्याच्या खोलीत झोपले. जावई चांगला पोरगा आहे, अंगणातल्या नळावर आंघोळ केली, गल्लीतल्या पोरांशी क्रिकेट खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांना घेऊन दीक्षाभूमीला निघाली. आठवडाभर आधीपासून ठरलं होतं. मी रजा टाकून ठेवली होती, कोणी म्हटलं नव्हतं तरी. केस विंचरून बाहेर आले तेव्हा तिघं चपला घालत होती. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. आईने ऑटोवाल्याला हाक मारली.

"स्वयंपाक किती वाजता करू?" मी दारातून विचारलं.

"आमची वाट नोको पाहू," आई म्हणाली. "त्याइले सगळं दाखवायचं आहे, वेळ लागन. तू जेवून घेजो."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी उभी होते. मग आत येऊन कुकर लावला, एका माणसापुरता.